जागा सांगणारी अंडी

पहाटे चारला तिचा दिवस सुरू व्हायचा. गजराची गरज तिला कधी पडली नाही. दुकानाच्या जमिनीवर लिनोलियम चिकटवायचं तर दुकान उघडायच्या आत सोल्यूशन धरलं पाहिजे, आणि सोल्यूशनला घाई कळत नाही. म्हणून चारला उठायचं, पाचला गुडघ्यांवर बसायचं, आणि पहिलं गिऱ्हाईक आत यायच्या आत दोन पट्ट्यांमधला सांधा असा मिटवायचा की त्यावरून नख फिरवलं तरी अडू नये. हे काम ती बापाच्या हाताखाली शिकली. लग्नानंतरही तेच करत राहिली.

तिला सगळे पट्टीताई म्हणत. कापताना सरळ धार धरायची लोखंडी पट्टी कायम तिच्या काखेत असायची, त्यावरून ते नाव पडलं. पट्टी जड होती. दिवसभर सरकवली की मनगट रात्री ठणकायचं. हलकी घ्या म्हणून लोक सांगायचे. हलकी पट्टी कटरच्या जोरानं सरकते आणि कड वाकडी जाते, एवढंच ती म्हणायची, आणि जडच वापरायची.

तिचा अभिमान म्हणजे तिची कापणी. कटर एकदाच ओढायचा. वरपासून खालपर्यंत, एका दमात, एका जोरात. दुसऱ्यांदा ब्लेड फिरलं की कडेला दाते पडतात, आणि दातेरी कड कोणाच्या तरी पायाला अडतेच. शहरातले बाकीचे कारागीर दोनदा ओढायचे, तीनदा ओढायचे. ती एकदाच. यात ती कोणाला मोजत नव्हती, आणि हे तोंडावर सांगायलाही कचरत नव्हती.

फक्त गुडघे थकले होते. सकाळी उठताना आधी भिंत धरायची, मग खुर्ची, मग नवऱ्याचा खांदा. नवरा एका कँटीनमध्ये स्वयंपाकी. तो म्हणायचा, तुझ्या गुडघ्यांचा आवाज ऐकून मला वाटतं कढईत काहीतरी तडतडतंय.

घर तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, पायऱ्या उंच. सासूबाईंनी उमेदीची वर्षं धुलाईच्या कारखान्यात वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहून काढली होती. त्यांचं एक खुब्याचं हाड मोडलं, जुळलं ते वाकडं. तेव्हापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. खिडकीत बसायच्या आणि रस्त्यावरच्या माणसांना वरून नावं ठेवायच्या. हा फार जाड झाला, तिची नवी चप्पल चावते आहे, त्या दोघांचं बिनसलंय. सगळं बरोबर असायचं. पण माणसांचे टाळू बघून बघून कंटाळा आला, तोंडं बघायची आहेत, असं त्या एकदा बोलल्या. ते पट्टीताईच्या मनात रुतून बसलं.

त्याच इमारतीत तळमजल्यावरचा शिंपी खोली सोडून मुलाकडे जाणार होता. घरमालकानं सांगितलं, महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. डिपॉझिट आणा, किल्ली घ्या. नाही आणलं तर दुसरं कुटुंब तयार आहे. दोघांच्या मजुरीत घर चालत होतं, वर काही उरत नव्हतं. महिनाअखेर जवळ येत होती.

अशात तिला हॅचरीतलं काम मिळालं.

शहराच्या कडेला अंडी उबवायची एक हॅचरी होती. तिच्या ऑफिसात पट्टीताई लिनोलियम बदलत होती, तेव्हा मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज मोठा, चाल घाईची, कपड्यांना कायम पिसं चिकटलेली. त्यांनी विचारलं, एक वेगळी शीट आहे, ती फळ्यांवर चिकटवायची आहे, येईल का. जमिनीवर नाही, फळ्यांवर. उभ्यानं करायचं काम.

उभ्यानं हा शब्द ऐकून पट्टीताई उठलीच. भिंत न धरता उठली, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

हॅचरीत सहा गरम खोल्या. प्रत्येकीत भिंतीला लागून लांब फळ्या, फळ्यांवर अंडी आडवी मांडलेली. त्यांच्यावरून एक लाकडी चौकट हळूहळू सरकायची आणि अंडी कूस बदलायची. कूस बदलली नाही तर पिल्लू आत चिकटतं. मालकीणबाईंची तक्रार अशी की दर खेपेला बरीच अंडी उबतच नव्हती, आणि कुठली बिघडतात ते कळत नव्हतं. भिंतीवरचं थर्मामीटर नेहमी ठीक दाखवायचं. अंड्यांमध्ये वायरवाले थर्मामीटर ठेवून पाहिले. चौकट सरकली की वायरी पिळायच्या आणि तुटायच्या. सेलवाले ठेवले, तर उष्ण दमट हवेत सेल मरायचे, आणि ते बदलायला दार उघडलं की खोली गार पडायची. मालकीणबाईंनी शेवटी अंडी पाठवणाऱ्याला दोष देऊन टाकला होता. महिन्यातून दोनदा त्या त्याला फोन करून शिव्या घालायच्या.

मग कुठूनशी एक इंजिनिअर बाई आली. तरुण, सडपातळ, केसांत पेन्सिल खोचलेली. पिसांमुळे तिला सारख्या शिंका यायच्या. प्रत्येक वाक्य ती एक शिंक देऊन संपवायची. तिनं आणलेल्या शीटचा तुकडा पट्टीताईनं आधी हातात घेऊन वाकवला, नखानं दाबला, कड बघितली. कुठलाही नवा माल ती असाच बघायची. शीट तीन थरांची होती. खाली धातूचा अखंड पातळ पत्रा, मध्ये रबरासारखा मऊ थर, वर बारीक तारांची जाळी.

इंजिनिअर बाईनं सांगितलं ते असं. फळीच्या टोकाला एक डबी बसवायची. ती डबी या दोन धातूंच्या मधल्या जागेत लहरी सोडते. लहरी शीटभर पसरतात आणि जाळीतून थोड्याशा वर येतात, बोटभर उंचीपर्यंतच. खऱ्या अंड्यांत ठेवायला प्लॅस्टिकची पांढरी अंडी आहेत. ती शीटला टेकली की त्या लहरींवर चालतात. सेल नाही, वायर नाही. आपल्याजवळ किती ऊब आहे ते प्रत्येक अंडं सांगतं. आणि फळीच्या कडेला चार ठिकाणी कान बसवलेत. कुठल्या कानाला अंड्याचा आवाज मोठा येतो, कुठल्याला बारीक, त्यावरून ते अंडं नेमकं कुठे आहे ते समोरच्या पडद्यावर ठिपक्यानं दिसतं. चौकटीनं ते कुठेही लोटलं तरी कळतं.

पट्टीताईला अर्धंच समजलं. तिनं पांढरं अंडं उचललं आणि शीटवर ठेवलं. अंड्यात हिरवा ठिपका लागला. उचललं, विझला. ठेवलं, लागला. कडेला ठेवलं, मधोमध ठेवलं, उलटं ठेवलं. लागला. मग तिनं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत सोडलं, तर पडद्यावरचा ठिपका तसाच घरंगळत गेला. ती अंड्याकडे बघू की पडद्याकडे, असं करत राहिली. इंजिनिअर बाई शिंकायची विसरून तिच्याकडे बघत होती.

मालकीणबाईंचं बोलणं रोखठोक होतं. आधी एक खोली. ती चालली तर बाकीच्या पाचही खोल्या पट्टीताईला, आणि निम्मी मजुरी आगाऊ. नाही चालली तर एका खोलीची मजुरी घ्यायची आणि आपापल्या वाटेनं जायचं. एका खोलीच्या मजुरीत डिपॉझिट होत नव्हतं. पाच खोल्यांच्या उचलीत होत होतं. तिनं हिशेब एकदाच केला, आणि मग तो डोक्यातून हलला नाही.

संध्याकाळी जेवताना तिनं घरी सगळं सांगितलं. हातवारे करून, ताटातला चमचा अंड्यासारखा सरकवून सांगितलं. नवरा म्हणाला, माझ्या कँटीनच्या फळीवर अशी शीट लाव, म्हणजे साखर कोण पळवतं ते कळेल. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या.

"सेल नाही, वायर नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं टेकलं की जीव येतो?"

"हो आई. नुसतं टेकलं की."

"मग मला एकदा त्या फळीवर बसव. जिना मीच उतरून येते."

पट्टीताई हसली, पण घास तोंडाशीच राहिला.

काम तिनं जीव ओतून केलं. फळ्या आधी घासून साफ केल्या. सोल्यूशन दातेरी पत्र्यानं ओढून सारखं पसरलं, बोट लावून सुकलं का ते पाहिलं. शीटचा गुंडाळा जड, एकट्यानं उचलायचा तर कमरेत वाकून नाही, मांड्यांवर घेऊन. मग रोलर. मधून कडेकडे, कधीही कडेकडून मध्ये नाही, नाहीतर हवा कोंडते आणि फुगे येतात. आणि शेवटी कापणी. पट्टी धरली, कटर टेकवला, ओढला. एकदा. प्रत्येक फळीला, प्रत्येक कडेला, एकदा. संपलं तेव्हा शीट फळीवर चिकटवलेली वाटत नव्हती, फळीतूनच उगवलेली वाटत होती. तिनं कडेवरून तळहात फिरवला. कुठे काही लागलं नाही.

तपासणीच्या दिवशी इंजिनिअर बाईनं डब्या सुरू केल्या आणि फळ्यांवर पांढरी अंडी मांडली.

दोन फळ्या लागल्या. बाकीच्या नाहीत. कुठे टोकाजवळचं एखादं अंडं मिणमिणायचं आणि विझायचं. इंजिनिअर बाईनं डब्या अदलाबदल केल्या, जोडण्या काढून घातल्या, पडद्यात डोकं घातलं. काही उपयोग झाला नाही. मालकीणबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तुमच्या या चटईवर अंडी उबणार, की आता मीच बसू त्यांच्यावर, असं त्यांनी विचारलं. उद्या दुपारी नव्या अंड्यांची गाडी यायची होती. गाडी आली की अंडी भरून दार बंद, ते पिल्लं निघेपर्यंत. गाडी यायच्या आत जमलं तर ठीक, नाहीतर शीट उपटून जुनी फळी.

पट्टीताई स्वतःशी म्हणत होती, चूक डबीत असेल. चूक वायरीत असेल. माझ्याकडून काही राहिलेलं नाही.

इंजिनिअर बाईनं पिशवीतून नमुन्याचा तुकडा काढला. तिनं तो स्वतः घरच्या कात्रीनं कापला होता. इतका गचाळ की पट्टीताईनं पहिल्या दिवशी बघून तोंड फिरवलं होतं. कड वाकडी, जाळी एकीकडे ओढलेली, पत्रा एकीकडे बाहेर आलेला. त्यावर अंडं ठेवलं. लख्ख लागलं.

मग तिनं भिंग काढलं. आधी नमुन्याची कड पाहिली, मग फळीची. फळीच्या कडेशी बराच वेळ वाकून राहिली. शेवटी सरळ झाली आणि भिंग पट्टीताईपुढे धरलं.

"ताई, तुमची कापणी फार सफाईची आहे," ती म्हणाली. "तीच नडली."

पट्टीताईनं भिंगातून पाहिलं. कड आरशासारखी होती. आणि त्या कडेवरून, वरच्या जाळीतून निघालेले धातूचे केस खाली ओढले गेले होते. मऊ थर ओलांडून खालच्या पत्र्याला जाऊन चिकटले होते. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. एका दमात ओढलेल्या ब्लेडनं वरचा धातू खाली नेऊन दोघांची गाठ घातली होती. गाठ पडली की लहरी तिथेच मरतात, पुढच्या अंड्याला काही पोचत नाही, असं इंजिनिअर बाई समजावत होती. तिच्या गचाळ कात्रीनं जाळी मागे पडली होती, म्हणून ती वाचली.

आयुष्यात पहिल्यांदा कोणी पट्टीताईच्या कडेला नावं ठेवली होती. तिनं कटर खिशात घातला, बाहेर गेली, नळाखाली हात धरून उभी राहिली. सोल्यूशन पाण्यानं निघत नाही हे तिला माहीत होतं. तरी हात धूत राहिली. राग कोणावर काढायचा ते कळेना. इंजिनिअर बाई खोटं बोलत नव्हती, केस तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. बापानं हात धरून शिकवलेली ओढ होती ती. या मालाला तीच चुकीची होती, आणि उद्या दुपारनंतर विचार करायला काही उरणार नव्हतं.

ती आत आली.

"कशी हवी ते सांगा."

हवी होती पायरीसारखी कड. आधी फक्त जाळी कापायची, कडेपासून बोटभर आत, खालच्या मऊ थराला ब्लेड न लागता. ती बोटभर पट्टी सोलून काढायची. म्हणजे जाळी मागे, पत्रा पुढे, दोघांची गाठ पडायला जागाच नाही. सांगायला सोपं. पण तिचा हात जोर द्यायला शिकलेला होता. पहिल्या तुकड्याला ब्लेड आरपार गेलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला जाळी कापलीच नाही, नुसती घासली गेली. संध्याकाळ झाली. इंजिनिअर बाई म्हणाली, थांबूया. पट्टीताई उरलेले तुकडे पिशवीत भरून घरी घेऊन गेली. स्वयंपाकाच्या ओट्यावर, जेवणाआधी, तिनं जोर सोडून द्यायचा सराव केला. मनगट बाजूला, कोपर बाजूला, फक्त बोटांची टोकं. झोपलेल्या मुलाच्या गालावरचा केस उचलावा तसा. नवऱ्यानं त्या दिवशी एकही विनोद केला नाही. त्यानं भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी चारला ती उठली, आणि उजाडायच्या आत हॅचरीत पोचली. इंजिनिअर बाई आधीच येऊन उलट्या बादलीवर बसली होती, हातात चिमटा आणि एक मीटर. मीटरची दोन टोकं जाळीला आणि पत्र्याला लावायची. दोघांची गाठ असेल तर मीटर पुकारायचं. पट्टीताई कापायची, सोलायची. इंजिनिअर बाई चिमट्यानं राहिलेले केस वेचायची, मीटर लावायची. पुकारलं की दोघी एकदम शिवी घालायच्या, गप्प राहिलं की पुढची कड. मऊ शिव्या, मग जरा तिखट. इंजिनिअर बाईकडे शिव्यांचा साठा बरा निघाला. पट्टीताईनं त्यातली एक मनात ठेवून घेतली.

आठ वाजता मालकीणबाई चहा घेऊन आल्या. उभ्या राहिल्या, बघत राहिल्या. मग कोपऱ्यातला दिवा उचलून कडेवर धरला, आणि सोडला नाही. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायच्या. खालच्या फळ्यांना पट्टीताईला शेवटी गुडघ्यांवर बसावंच लागलं. गुडघे बोलले. तिनं ऐकलं नाही.

शेवटच्या फळीची शेवटची कड सोलत असताना बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मीटर लावलं. गप्प.

डब्या सुरू झाल्या. इंजिनिअर बाईनं पांढरी अंडी मांडायला घेतली, आणि ती लागत गेली. एक, शेजारचं एक, खालच्या फळीवरचं एक, कोपऱ्यातलं, कडेला अगदी टोकाशी ठेवलेलं. काल मेलेल्या फळ्यांवर हिरवे ठिपके उमटत गेले. पट्टीताईनं स्वतः एक उचलून आपल्या नव्या कडेजवळ ठेवलं. लागलं.

मालकीणबाईंना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी इंजिनिअर बाईला पाठमोरी बसवलं, पडद्याकडे तोंड करून, आणि एक पांढरं अंडं उचललं.

"सांग, कुठे ठेवलं?"

"तिसरी फळी. डावीकडे, भिंतीला लागून."

मालकीणबाईंनी ते गुपचूप सरकवलं.

"आता मधे आणलंत. अजून सरकवताय. थांबलात." मग शिंक. "आता उचललंत, काही दिसत नाही."

मालकीणबाई हसायला लागल्या. इतक्या जोरात की गाडीवाला दारातून डोकावला. मग अंडी भरली गेली. खऱ्या अंड्यांत अधूनमधून पांढरी. चौकट सरकली, सगळ्यांनी एकदम कूस बदलली, पडद्यावरचे ठिपके तेवढेच सरकले.

पडद्यावर गार अंड्यांचे ठिपके निळे होते, खोली तापली तसे ते एकामागून एक लाल झाले. सगळे नाही. मागच्या भिंतीकडे, सगळ्यात खालच्या फळीच्या कोपऱ्यात, ठिपक्यांचा एक पुंजका निळाच राहिला. थर्मामीटर दाराजवळ होतं. तिथे सगळं ठीक होतं. दार अजून कायमचं लावलं नव्हतं. मालकीणबाई वाकल्या आणि त्यांनी फळीमागे हात घातला. तिथे जुन्या नळाचं भोक होतं, कधीतरी नळ काढून तसंच सोडलेलं. त्यातून गार हवेची बारीक धार येत होती. त्यांनी हात तिथेच धरून ठेवला.

"इतकी वर्षं मी त्या अंडीवाल्याला शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या.

भोक आधी चिंधीनं बुजवलं, मग सिमेंटनं. पुंजका लाल व्हायला लागेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. त्यानंतर मालकीणबाईंनी विचारलं, दुसऱ्या खोलीला कधी हात लावतेस. पट्टीताई म्हणाली, उद्या पाचला. उचल हातात पडली तशी ती सरळ घरमालकाकडे गेली. हाताला सोल्यूशन, केसांत पिसं. घरमालकानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग पैशांकडे. किल्ली त्यानं खुंटीवरून काढून दिली.

पुढच्या खोल्या तिनं, खालच्या फळ्या सोडल्या तर, उभ्यानं केल्या, पायरीची कड कापत. पहिल्या खोलीतल्या त्या कोपऱ्यातली पिल्लं निघाली तेव्हा मालकीणबाईंनी तिला बोलावून दाखवली. ओली, डुगडुगणारी, भयंकर आरडाओरडा करणारी.

सासूबाई खाली आल्या त्या खुर्चीत बसून. खुर्ची एका बाजूनं नवऱ्यानं धरली, दुसऱ्या बाजूनं राहिलेलं सामान न्यायला आलेल्या शिंप्याच्या मुलानं. प्रत्येक वळणावर त्या दोघांना सूचना देत होत्या. तळमजल्यावर खुर्ची टेकली. पट्टीताईनं दार उघडून धरलं. आतला भिंतीचा नवा रंग, खिडकी, ओटा, सगळं दाखवायचं होतं. सासूबाईंनी आत पाहिलंही नाही. काठी टेकून उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे तोंड केलं.

"आई, खोली इकडे."

"खोली कुठे पळतेय? उद्या बघेन," सासूबाई म्हणाल्या. "तू चल माझ्याबरोबर. हात नको धरू, नुसती शेजारून चल."

आणि त्या निघाल्या. एक पाय सरळ, एक फेंगडा, समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट निरखून बघत. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरायचं ठरलं होतं. कोपरा आला, आणि त्या थांबल्या नाहीत.